सासऱ्यांच्या फिल्मवर मी पाडलेल्या पाकळ्या

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. घरातल्या कॉम्प्युटरची नव्हती, आणि बायकोची तर मुळीच नव्हती.

सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन कळव्याला होतं. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सासूबाई हसताबोलताना दिसतात. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. तो त्यांना ऐकवायचा, एवढीच बायकोची इच्छा होती. दुकानातून कॅसेटची कॉपी पेनड्राइव्हवर करून आणली. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, पुढचं एडिटिंगही त्यांनाच देऊया." मी म्हटलं, "घरचं कार्य आहे, घरीच करतो."

केलं काय, तर प्रत्येक प्रसंगावर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या. अक्षता पडताहेत, त्यांच्यावरही पाकळ्या. मग सगळ्यात मोठी साइझ निवडली. मोठं म्हणजे स्पष्ट, असा माझा समज. जे कॅसेटमध्येच धूसर, ते कुठून स्पष्ट होणार? मशीन बिचारं एकेक चित्र उघडत होतं, ताणत होतं, पाकळ्या रंगवून पुन्हा बांधत होतं. टक्क्यांचा आकडा जागचा हलेना.

त्यात आम्ही मानपाड्याला राहतो. धूळ फार, म्हणून सीपीयूला मी जुन्या चादरीचं कव्हर शिवून घेतलंय. चालू असतानाही काढत नाही.

"अहो, तापलंय ते. तापलं की आणखी हळू चालतं. कव्हर काढा, पाकळ्या कमी करा."

"तू त्यावर रेसिप्या बघतेस, म्हणून स्लो झालंय!"

वर मिक्सर लावायलाही बंदी केली. व्होल्टेज नको कमीजास्त व्हायला.

"श्वास घेऊ ना?" तिनं विचारलं.

कार्याच्या दिवशी सकाळी मशीन तापून बंद पडलं. फिल्म अर्धीही झाली नव्हती.

हॉलमध्ये पडदा तयार होता. मी म्हटलं, "प्रोसेसिंग राहिलंय."

"मग पंगत बसवू, की तिचंही प्रोसेसिंग राहिलंय?" मेव्हणा म्हणाला. सगळे हसले. सासरे मात्र पडद्यासमोरून उठेनात. तेव्हा बायको त्यांना म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे राहिलं. मीच सारखी कॉम्प्युटरवर बसत होते."

मला तिथं उभं राहवेना. मी पेनड्राइव्ह मेव्हण्याच्या हातात दिला. "दुकानातली कॉपी आहे, तशीच लाव."

लगेच लागली. सासूबाई कुणाला तरी "अगं, नीट जेव" म्हणाल्या आणि सासरे ओठांतल्या ओठांत "हो" म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाकलो. "बाबा, ती खोटं बोलली. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग बायकोकडे वळलो आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालो, "चुकलो मी. तुझ्यावर उगाच ढकललं. मला माफ कर."