नंदकिशोरची बोटं

रविवारी सकाळी नंदकिशोरने उकळत्या चहाचं पातेलं सांडशीशिवाय, नुसत्या उजव्या हाताने उतरवलं आणि खुशाल पेपर चाळायला बसला.

"अहो, चटका नाही बसला तुमाला?" उज्वला किंचाळली. नवऱ्याच्या बोटांवर टरारून फोड आले होते आणि त्याला पत्ताच नव्हता.

मधुमेहाने आपल्या बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होत चाललीत, हे त्याला ठाऊक होतं. पण बोलतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची! नेरूळहून खाडीपलीकडच्या फ्लाइंग क्लबात जाऊन हा गडी वर्षानुवर्षं विमानांची इंजिनं सांभाळत आला होता. त्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची फट हाताने बसवावी लागे. फटीत धातूचं पातळ पातं सारायचं आणि स्क्रू फिरवत राहायचं. पातं किंचित ओढ घेत सरकलं की फट बरोबर. ती ओढ डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळते. फट कमी राहिली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो, आणि विमान वर चढता चढताच इंजिनाचा दम जातो.

कालच त्याने एका विमानाच्या फटी बसवल्या होत्या. आज ते विश्वजित उडवणार होता, परवा परवा पायलट झालेला पोरगा. नंदकिशोरने पेपर टाकला. तो तसाच बनियनवर खालच्या पीसीओकडे धावला आणि क्लबात फोन लावला.

"किसन, विमान थांबव! फटी परत बघ!"

किसन त्याच्या हाताखालचा मेकॅनिक. "तुमी बसवल्यात ना, दादा? मग टेन्शन कसलं?"

"अरे, माझी बोटं मेलीत!" नंदकिशोर भर दुकानात ओरडला. पीसीओवाला बघतच राहिला.

तिकडे विमानाचा पंखा फिरायला लागला होता, तेवढ्यात किसन आडवा गेला. इंजिन थंड झाल्यावर त्याने पातं घालून पाहिलं. दोन व्हॉल्व्हच्या फटींत ते शिरेचना.

हे सांगायला संध्याकाळी विश्वजित स्वतः नेरूळला आला. खाली मान घालून म्हणाला, "काका, साहेबांनी तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हटलंय."

"बरोबर आहे त्यांचं," नंदकिशोर म्हणाला. म्हणताना त्याला रडू आवरेना.

"तुम्ही फोन केला नसता तर..." त्याने नंदकिशोरचा डावा हात दोन्ही हातांत गच्च धरला. नंदकिशोर त्याच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. पोरगा वळून जिना उतरायला लागला, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपला हात सुटलाय.