बाबांच्या शर्टाचं बटण

सकाळी बाबा खिडकीशी उभे राहून शर्टाचं बटण लावत होते. बोटं थरथरत होती, बटण काजापाशी येऊन पुन्हा पुन्हा निसटत होतं. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. फळ्यावर हात न उचलता गरकन गोल काढायचे.

त्यांना कंपवात आहे. या आजारात मेंदूतल्या पेशी कशा मरतात, हाच माझ्या संशोधनाचा विषय. सूक्ष्मदर्शकाखाली मी रोज पाहते, पेशीत प्रथिनांच्या गुठळ्या साचत जातात, तिचे नाजूक तंतू आखडतात आणि ती सुकून जाते. तिथे सगळं इतकं स्पष्ट दिसतं की कधी कधी ते सुंदरही वाटतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आत काय होतंय ते तुला कळतं ना गं?"

"थोडंफार कळतं, बाबा."

"मग थांबव की."

ते हसत म्हणाले, पण नजर काही हलेना. कारण कळलं की उपाय फार लांब नसतो, असं आपण किती सहज धरून चालतो!

मी बटण लावलं आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. क्षणभर तो शांत राहिला. मग माझ्या तळव्यांच्या आत पुन्हा थरथरू लागला.