एकीपुरती जागा

मुंबईत शिकायला यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मी झोपणार कुठे यावर. विषय कोणता, कॉलेज कोणतं, हे दोन वाक्यांत उरकलं होतं. आम्ही ब्रह्मपुरीकडच्या एका गावातले. मला मायक्रोबायॉलॉजी शिकायचं होतं, दादरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि हॉस्टेलला काही नंबर लागला नव्हता. परळच्या चाळीत बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, राहायची. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीत ती आणि तिचा मुलगा, माझा दादा. बाबांनी भीत भीत फोन केला, तर आत्या म्हणाली, "जागेचं काय विचारतोस? पाठव तिला." गाडीत बसवताना बाबांनी मला एवढंच सांगितलं, "आत्याले तरास नोको देजो."

आता त्रास द्यायचा नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी आपली माझ्या परीने अंग चोरून वागायला लागले. खोली एवढीशी, कोपऱ्यात मोरी, वर सामानाचा माळा. दादा चाळीतल्या बाकीच्या पुरुषांसारखा बाहेर गॅलरीत झोपायचा, आत आत्या आणि मी. मी कुशीवर वळतानासुद्धा आधी आत्याकडे बघून घ्यायचे. शेवटी तीच एकदा वैतागून म्हणाली, "अगं, तू काय दुकानात ठेवलेली काचेची बरणी आहेस का? नीट पसरून झोप की."

चाळीने मला लवकर आपलंसं केलं, त्यातही माझ्या बोलण्याने जास्त. मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की मजल्यावरची पोरं मुद्दाम पुन्हा विचारायची, म्हणजे मी पुन्हा म्हणेन. मला राग यायचा. राग मला पटकन येतो आणि संशय त्याहून पटकन. कुणी माझ्याबद्दल कुजबुजतंय असं मला आजही लगेच वाटतं. पण पहिली दोन वर्षं खरंच सुखाची गेली. सकाळी आत्याच्या हातचा चहा, दादाने कामावरून येताना आणलेले गरम वडे, रविवारी विहारात वंदनेला आत्याच्या शेजारी बसणं. अभ्यासाला मी माळ्यावर चढायचे. तिथे पाठ सरळ होत नसे, पण दिवा होता आणि कुणी हाक मारत नसे.

तिसऱ्या वर्षी दादाचं लग्न ठरलं.

मुलगी वडाळ्याची, एका दवाखान्यात कामाला, बोलायला गोड. मला ती पाहताक्षणी आवडली आणि त्याच दिवशी मी मनात माणसं मोजली. खोली एक, माणसं चार, त्यातली दोन नवी नवरी-नवरा. यात मी कुठे बसते, हे कळायला मायक्रोबायॉलॉजी लागत नाही. परत गेले तर आमच्या बाजूला हा विषय कुठल्या कॉलेजात नव्हता. शेवटचं वर्ष अर्धवट सुटलं असतं, आणि घरी बसलेल्या मुलीला स्थळं यायला किती वेळ लागतो, हे मी माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत पाहिलेलं होतं. म्हणून मी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच भीती होती.

लग्न विहाराच्या हॉलमध्ये झालं. पांढऱ्या साडीत वहिनी फार सुंदर दिसत होती. मी आलेल्यांना सरबत देत फिरत होते आणि मनात बॅग भरत होते. हॉलमधून घरी आल्यावर आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजपासून तू मावशीकडे झोपायचं."

मावशी म्हणजे गॅलरीत चार दारं सोडून राहणारी मालवणी बाई. नर्स होती, निवृत्त झालेली, एकटी. मी 'बरं' म्हटलं आणि आत गेले. माझे कपडे, पुस्तकं, गावाहून आलेला तिखटाचा डबा, सगळं बॅगेत कोंबलं. चादर वरून बांधली. आत्याने मला घराबाहेर काढलं आणि तेही कसं शांतपणे, असा विचार करत, ती बॅग ओढत मी मावशीच्या दारात जाऊन उभी राहिले.

मावशीने आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गो चेडवा, तू ऱ्हवाक इलंस की निजाक?"

राहायला की झोपायला, हे मी सांगायच्या आत मागून आत्या धावत आली. "बॅग कशाला आणलीस? उशी घेऊन यायचं होतं फक्त!"

तेव्हा मला कळलं की आमच्या गावाला माहीत नसलेली एक रीत या चाळीत आहे. चाळीत नवं लग्न झालं की रात्रीपुरती खोली नव्या जोडप्याची. घरातल्या बाकीच्यांनी झोपायला शेजारी जायचं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, चिडवत नाही. जेवणं उरकली की काखेत उशी मारून माणसं गॅलरीतून इकडची तिकडे जातात आणि सकाळी चहाला आपापल्या घरी परत येतात. जेवण, पुस्तकं, कपडे, भांडण, सगळं आपल्याच घरी. दादाच्या जन्माआधी आत्याच्या सासूबाईही अशाच शेजारी झोपायला जात. आणि मी मात्र तिखटाच्या डब्यासकट निघाले होते. वहिनीने तो डबा परत फळीवर ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस मला पाहून हसत राहिली.

मावशीकडे मला खाट मिळाली. खिडकीपाशी, पंख्याखाली. तिने स्वतःचं शिवणयंत्र सरकवून मला टेबलाची जागा करून दिली आणि "माका उजेडात झोप येता, तू वाच," असं सांगून भिंतीकडे तोंड करून घोरायला लागली. माझा अभ्यास त्या टेबलावर जेवढा झाला तेवढा आधी कधी झाला नव्हता. आत्याला विचारलं, "तू कुठे झोपतेस?" ती म्हणाली, "वरच्या मजल्यावर, माझ्या मैत्रिणीकडे. मस्त जागा आहे." मला बरं वाटलं. सगळ्यांची सोय झाली होती.

डिसेंबरात आत्याला खोकला लागला. धूळ आहे, बांधकामं चाललीत सगळीकडे, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. आमच्या चाळीभोवती टॉवर उभे राहत होते. वहिनी तिला आल्याचा काढा करून द्यायची. मी मात्र सबमिशनमध्ये बुडालेली होते.

एका सकाळी पाणी नेहमीपेक्षा लवकर आलं. वहिनीला अजून कुठलं पिंप पिण्याच्या पाण्याचं आणि कुठलं धुण्याचं ते नीट माहीत नव्हतं, म्हणून तिने मला आत्याला बोलवायला पाठवलं. आत्या तिथे झोपायला लागल्यापासून मी पहिल्यांदाच वरच्या मजल्यावर गेले. मैत्रिणीच्या बंद दाराबाहेर, गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या बाजूला पातळ गादी होती आणि तिच्यावर डोक्यावरून शाल घेऊन आत्या झोपलेली होती. उशाला तिच्या चपला होत्या, कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून.

मी तिला हाक मारली नाही. धावत खाली आले आणि मावशीला उठवून वर घेऊन गेले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. आत्याला एकटीने काही विचारायची माझी छाती नव्हती.

आमच्या आवाजाने आत्या उठून बसली. पकडली गेल्यासारखी हसली. "त्यांच्याकडे मुलगा-सून आलेत ना पुण्याहून. आत जागा नाही. आणि मला बाहेरच चांगली झोप लागते."

"खोकतंस कित्याक मग?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या खोलीत खाली तिघी निजतील एवढी जागा आसा. माझ्याकडे इलंस तेव्हा दोघींसाठी बोलूक काय झाला होता तुका?"

आत्या शाल घडी करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघींसाठी विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, बघते, विचार करते, तर? एवढी वर्षं एकटी राहणारी बाई तू. एकीला कुणी नाही म्हणत नाही. दोघींना म्हणतात. माझं काय, मी इथलीच, कुठेही पडेन. हिला मात्र परत गावाला जावं लागलं असतं."

मावशीने वाकून आत्याची गादी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि जिना उतरायला लागली. "अगो, राहू दे," म्हणत आत्या हातात चपला घेऊन तिच्या मागे गेली.

खाली वहिनी पिंपापाशी वाट बघत होती. मी तिच्या हातातली बादली घेतली आणि नळाच्या रांगेत उभी राहून सगळ्यांच्या देखत रडले. या शहरात मला जागा मिळाली होती, असं मी तोवर समजत होते. ती आत्याने स्वतःची जागा सोडून मला मिळवून दिली होती.