मामाची होडी आणि माझी पॅकेजं

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगते.

मालवणात माझ्या मामाचे दोन धंदे. पर्यटकांना होडीतून फिरवायचं आणि मामीच्या हातचं जेवू घालायचं. मी तेव्हा जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. नवीन शिकलेलं माणूस गप्प कुठे बसतं? म्हटलं, मामाला बुकिंगचा प्रोग्रामच करून देते.

जावात प्रोग्रामचे भाग, म्हणजे क्लास, पॅकेज नावाच्या कप्प्यांत ठेवतात. मी ‘धंदा’ हा मोठा कप्पा केला, त्याच्या आत ‘होडी’ आणि ‘जेवण’ हे दोन छोटे. दोन्हींत एकेक क्लास ठेवला आणि दोघांचं नाव एकच, बुकिंग. दुसरं सुचलंच नाही हो!

मग लिहिलं, धंद्यातलं सगळं इम्पोर्ट कर, म्हणजे वापरायला आत आण. मला वाटलं, मोठा कप्पा उचलला की आतले छोटे आपसूक येतील. ते कसले येतात! बुकिंग सापडेचना. म्हणून दोन्ही छोटे कप्पे इम्पोर्ट केले, तर कॉम्प्युटर म्हणे, यातलं कुठलं बुकिंग? उगीच होडी इम्पोर्ट करायची ओळ पुसून बघितली आणि तक्रार एकदम बंद. मी खूश!

मामाला फोन करून सांगितलं, होडीचं आणि जेवणाचं पॅकेज एकाच पॅकेजात घातलंय. आता पर्यटकांत वावरणाऱ्या माणसाला पॅकेज म्हणजे सहलीचंच वाटणार ना?

“बरा केलंस गो,” मामा म्हणाला. “होडयेक येतलो तो जेवतलो पण.”

मी आपली आनंदात हो म्हणून मोकळी झाले.

रविवारी तळेऱ्याहून एक मोठं कुटुंब होडीत बसायला आलं. पण होडीची ओळ पुसल्यामुळे प्रोग्रामात त्यांचं बुकिंग पडलं होतं जेवणात. होडीचं एकही दिसेना, म्हणून मामाने होडीवाल्याला सुट्टी दिलेली, आणि मामी सकाळपासून सुरमई तळत बसलेली. ती मंडळी टोप्या घालून किनाऱ्यावर होडीची वाट बघतायत, मामा दारात ताटं मांडून त्यांची वाट बघतोय. त्यात त्यांची त्या दिवशी संकष्टी!

मामाचा फोन आला तशी मी कॉम्प्युटरकडे धावले. पूर्ण नाव लिहिलं की गोंधळ मिटतो, एवढं एव्हाना कळलं होतं. जिथे जिथे बुकिंग दिसलं तिथे तिथे ‘धंदा, होडी, बुकिंग’ असं घातलं. सगळीकडे. हो, जेवणाच्या पानावरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा मामाचा फोन. दोन बायका आल्यात, लाईफ जॅकेट घालून बसवल्यात, पण सोलकढी मागतायत म्हणाला.

“आता ह्येंका वाडू काय होडयेत बसवू?”

मी म्हटलं, “मामा, तू त्येंकाच विचार.”