पालथी चंद्रकोर

राजाने शहराचं नाव बदलून कैसरिया केलं, तरी मुत्तून त्याला इओलच म्हणायचा. हट्ट म्हणून नव्हे. जुनं वळण सुटत नव्हतं, एवढंच. अर्धं आयुष्य त्याने तनितदेवीच्या अंगणात नवसाचे दगड कोरले होते. उतारवयात टांकसाळीत चांदीच्या नाण्यांचे ठसे कोरायला लागला, पण हात दगडवाल्याचाच राहिला.

त्या हातानेच घात केला. राणीच्या नावातच चंद्र, म्हणून तिच्या नव्या नाण्यावर टोकं वर असलेली चंद्रकोर हवी होती. मुत्तूनने ती देवीच्या दगडावर असते तशीच कोरली, टोकं खाली. थोडी नाणी पाडून झाली आणि मुकादम देमास ओरडला, "अरे मुत्तून, राणीचा चंद्र उगवायचा होता, तू तर बुडवलास की!"

देमास मनाचा वाईट नव्हता. ठसा फोडला, नाणी मुशीत टाकली, एक मात्र मुत्तूनच्या हातावर ठेवलं. "हे तुझ्या मजुरीत. काय दिवे लावलेस ते बायकोला दाखव."

बायकोचं नाव काढताच मुत्तूनने नाणं घाईने कमरेला खोचलं. कित्येक वर्षांपूर्वी लेक तापाने गेली, देवीच्या अंगणातला तिचा नवसाचा दगड त्यानेच कोरला, आणि तेव्हापासून अरिशत त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. का, ते विचारायची त्याची छाती झाली नाही. माणूस प्रेमळ, पण भित्रा.

घरी अरिशत जवाचं पीठ मळत होती. हात पुसून तिने नाणं घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

"ही तर आपल्या बाळीच्या दगडावरची कोर."

"चुकून झालं गं."

"आणि ही अक्षरं?"

"राणीचं नाव."

बराच वेळ ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "एवढ्याशा चांदीत परक्या बाईचं नाव मावलं. माझ्या लेकीच्या दगडावर तुमचं नाव, तुमच्या बापाचं, देवीचं. तिचंच तेवढं नाही!"

"अगं, रीतच आहे तशी. नवस करणाऱ्याचं..."

"रीत गेली खड्ड्यात! कोरणारे तुम्हीच होतात ना?"

मुत्तूनचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती एवढ्यासाठी झुरत होती आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी घेऊन देवीच्या अंगणात गेला. अरिशतही बरोबर होती. दगडावर खालच्या कडेला थोडी जागा उरली होती. तिथे तो गुडघे टेकून बसला.

"तू सांग," तो म्हणाला, "मी कोरतो."

"बतनोअम," अरिशतने लेकीला हाक मारली.