ठिगळीचा लाल अंगरखा

आमच्या गल्लीच्या टोकाला एक टेलरमास्तर होते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की फीत न लावता कंबर सांगायचे, वर "गेल्या वेळेपेक्षा दोन बोटं वाढली हो," हेही सांगायचे. माणसं त्यांच्या दारातून आत जाताना पोट ओढून घ्यायची. हात सोन्याचा, पण वेळेच्या नावानं पूज्य. तोंडात कायम "उद्या या". माझ्या लग्नाचा कोट मला लग्नानंतर आठ दिवसांनी मिळाला. बसला मात्र झकास.

मास्तरांनी लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत थोरली बहीण आणि परसात बहिणीच्या नऊ कोंबड्या, एवढा त्यांचा संसार. बहिणीला सगळी गल्ली आक्का म्हणायची. बाई नाकावर माशी बसू देत नसे.

एकदा सकाळी मास्तरांनी कोंबड्यांना दाणे टाकले आणि कुणाची तरी पँट द्यायच्या घाईत खुराड्याची कडी लावायची विसरले. कुत्रं आत शिरलं. आक्कांनी काठी घेऊन ते हाकललं, पण तोवर एका कोंबडीची पाठ सोलून निघाली होती. आक्का एवढंच म्हणाल्या, "कडी कुणी लावली नाही, ते मी विचारत नाही. घरात माणसं दोनच आहेत."

मास्तरांनी जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुतली आणि कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या खोक्यात कोंबडीची सोय केली. तिचं नाव पडलं ठिगळी. तीन आठवड्यांत ठिगळी एवढी सोकावली, की मशीनच्या पायडलवर बसून राहायची आणि ती उठेपर्यंत मास्तर शिवण थांबवायचे. मी म्हटलं, "मास्तर, आता उशिराला नवं कारण मिळालं तुम्हाला." ते हसले. पण एका बाईच्या झंपराच्या कापडावर ठिगळीनं आपली सही केली, तेव्हा आक्कांनी निकाल दिला.

"कोंबडी कोंबड्यांत राहिली तर ठेवीन. नाहीतर रविवारी कोंबडीवाला येतो, त्याला देऊन टाकू."

त्या दिवशी गुरुवार होता.

जखम भरली होती, पण पिसं आली नव्हती. पाठ उघडी, गुलाबी; बाकीच्या तिथंच टोचणार. मास्तरांनी डोकं चालवलं. उरलेल्या अस्तरातून तिला छोटा अंगरखा शिवला. पंख घालायला इलास्टिकच्या दोन पट्ट्या, कडेला दुहेरी टीप, कापड चकचकीत लाल सॅटिन. माझ्या कोटाला आठ दिवस जास्त लागले आणि हा अंगरखा तासाभरात तयार. मीही मान डोलावून मोकळा झालो. मास्तरांनी ठिगळीला उचलून कळपाच्या मधोमध ठेवलं.

पुढचं क्षणात झालं. आक्का जिला जाऊबाई म्हणायच्या, ती तांबडी कोंबडी मान वाकडी करून आली, अंगरखा न्याहाळला आणि चोच हाणली. मग आठही जणी तुटून पडल्या. सॅटिनचे दोरे उडायला लागले. मास्तर आत घुसले, हातावर सात-आठ चोची खाल्ल्या आणि ठिगळीला छातीशी धरून बाहेर आले.

आक्का दारातून बघत होत्या. "अरे धाकट्या, लाल दिसलं की कोंबड्या टोचतात. चाळीस वर्षं कापडात काढलीस आणि रंग निवडता येत नाही?"

"उठून दिसावी म्हणून घेतला."

"दिसली ना उठून."

मास्तर तिथेच पायरीवर बसले. ठिगळीच्या अंगावरचे तुटके दोरे एकेक करून काढायला लागले. मग म्हणाले, "आक्का, आठ दिवस दे."

"गिऱ्हाइकांना सांगतोस तसं मला सांगू नकोस."

"तसं नाही." मास्तरांनी खाली मान घातली. "कडी माझ्याकडून राहिली. तिला काही झालं असतं तर माझ्यामुळे झालं असतं. आता पुन्हा माझ्यामुळे नको."

आक्का आत गेल्या आणि जाळीचा जुना तुकडा, चार खिळे आणि हातोडी घेऊन आल्या. "हे इतकं तोंडातून निघायला तीन आठवडे? धर हे टोक."

खुराड्यात मधे जाळी ठोकली. ठिगळी अलीकडे, बाकीच्या पलीकडे. दिसायचं, पण टोचता यायचं नाही. मास्तरांनी पँटच्या करड्या कापडाचा नवा अंगरखा शिवला, बिनचमकीचा. पहिले दोन दिवस जाऊबाई जाळीवर धडका द्यायची, तिसऱ्या दिवशी कंटाळली. रविवारी कोंबडीवाला आला, त्याला आक्कांनी दारातूनच परत पाठवलं. पाचव्या दिवशी कळपातली सगळ्यांत गरीब पांढरी कोंबडी त्यांनी उचलून ठिगळीच्या बाजूला सोडली. "एकटीनं जाण्यापेक्षा सोबत बरी," म्हणाल्या.

आठव्या दिवशी सकाळी जाळी काढली. आक्कांनी दाणे तीन ठिकाणी टाकले, म्हणजे एका जागी भांडण नको. ठिगळी आणि पांढरी कोपऱ्यातल्या दाण्यांवर गेल्या. जाऊबाई आली. ठिगळीच्या डोक्यावर एक टोला दिला. मास्तर पुढे झाले, तर आक्कांनी त्यांची बाही धरली.

"थांब. एवढं तर होणारच."

ठिगळीनं मान खाली घातली, दोन पावलं मागं सरली. जाऊबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मग आपल्या दाण्यांकडे वळली. झालं.

"शेवटचा नंबर लागला," आक्का म्हणाल्या, "पण लागला."

दुपारी मास्तर दुकान सोडून परसात गेले आणि त्यांनी तिला दोनदा हाक मारली. ठिगळी पांढरीच्या शेजारी माती उकरत होती. तिनं मान वर केली नाही. मास्तर परत येऊन मशीनवर बसले, पण मशीन काही सुरू होईना.

आक्कांनी चहाचा कप समोर ठेवला. "तोंड का पाडलंस? हेच हवं होतं ना?"

"हेच हवं होतं," मास्तर म्हणाले. "पण एकदा बघायला काय जात होतं तिचं?"