पहिल्या शेजारणीचे मोजे

सकाळचे साडेनऊ वाजले तरी द्रीकाबाई वासिंक पलंगावरच होत्या आणि त्यामुळे त्यांचं डोकं तापलं होतं. आजारी म्हणावं तर तसं काही नव्हतं. पहाटे साडेपाचला जाग यायची सवय गोठ्यातली. नवरा गेला, गाई विकल्या, सवय तेवढी राहिली. पण नर्स मारिट येऊन पायांची सूज रोखणारे घट्ट, दाबाचे मोजे चढवेपर्यंत न्हाणीघरापलीकडे जायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तो मोडला आणि घोट्यावरची जुनी जखम उघडली. भरायला चार महिने लागले. तेव्हापासून वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्या डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीसारख्या पडून राहायच्या. मारिट कधी नऊला यायची, कधी साडेदहाला. तिला तरी काय, वीस घरं होती.

एरवी त्यांनी हेही सोसलं असतं. पण रस्त्यापलीकडचा बेरेंड आता फार दिवसांचा सोबती नव्हता, आणि द्रीकाबाई त्याच्या पहिल्या शेजारीण होत्या.

त्यांच्या गावात पहिला शेजार म्हणजे नुसतं दाराला दार नव्हे. घरातलं माणूस गेलं की पहिल्या शेजाऱ्याने त्याच सकाळी, लोक कामाला बाहेर पडायच्या आत, घरोघर जायचं, आपल्या तोंडाने सांगायचं आणि खांदा द्यायला माणसं नेमायची. द्रीकाबाईंचा नवरा गेला तेव्हा बेरेंड गुडघाभर बर्फातून बारा घरं हिंडला होता. आता बेरेंडची पाळी यायची होती, आणि सांगणारी बाई साडेदहापर्यंत पलंगावर!

"मला हे मोजे घालायला शिकव," त्या मारिटला म्हणाल्या. "तुझ्याशिवाय."

मुलगी विलेमीन दूर शहरात. तिने ऐकलं मात्र, फोनवरच भडकली.

"आई, मारिट रोज येते म्हणून मला झोप लागते. ती बंद झाली आणि तू पडलीस, तर कळणार कुणाला?"

"पडले तर पडले. जमीन मला नवी नाही."

"आणि कशासाठी? निरोप फोनवरून एका मिनिटात सगळ्यांना जातो."

"मग माझ्या मरणाचा तसा धाड. बेरेंडचा मी सांगणार."

"तुझी बोटं बघ ना, आई! वाटाण्याची शेंग सोलवत नाही तुला."

"शेंगा सोलायला नाही चालले मी," म्हणत द्रीकाबाईंनी फोन ठेवला.

मारिटने आणलेलं साधन म्हणजे जाड तारेची चौकट, तिला दोन्ही बाजूंना उंच मुठी. मोजा निम्मा उलटा करून तिच्या कमानीवर ताणून बसवायचा, पाऊल वरून आत सारायचं आणि मुठी धरून चौकट वर ओढायची. राहिलेल्या सुरकुत्या रबरी हातमोजे घालून तळव्यांनी सपाट करायच्या. सांगायला सोपं. पहिल्या दिवशी मोजा अर्ध्या पावलावर अडला तो अडलाच.

दुसऱ्या दिवशी द्रीकाबाईंनी आपली अक्कल चालवली. गाईच्या सडांना लावायच्या मलमाचा डबा फडताळात होता. अडलेल्या गाईला हात घालताना वंगण लागतं, मग मोज्याला का नको? म्हणून मारिट यायच्या आधी दोन्ही पायांना भरपूर चोपडलं. मोजा असा चिकटला की वरही जाईना, खालीही येईना.

मारिट आली नि हसून हसून खुर्चीत बसली. "वासिंकबाई, मलम रात्री लावायचं असतं! सकाळी पाय कोरडे लागतात, कोरडे!"

दुपारी, मोजे चढवलेल्या पायांनी, त्या बेरेंडकडे गेल्या. बेरेंडचा मुलगा हार्म त्याला सूप भरवत होता.

"जमलं का गं?" बेरेंडने विचारलं.

"एक पाय. अर्धा."

"मग बारा घरं काय लंगडी घालत हिंडणार?"

"तू घाई करू नकोस म्हणजे झालं."

"मी कुठे करतोय? तो वर बसलाय तो करतोय."

"त्याला सांग, दोन आठवडे थांब."

"तू सांग. चर्चमध्ये पुढच्या बाकावर तू बसतेस."

हार्मने मान फिरवली. द्रीकाबाईंनी त्या संध्याकाळी खरंच सांगितलं. देवाशी त्या मोजकंच बोलत, पण हे बोलल्या.

सहाव्या दिवशी मारिट हात मागे बांधून नुसती बघत उभी राहिली. "नुसत्या दंडांनी ओढताय तुम्ही," ती म्हणाली.

द्रीकाबाई थांबल्या. दंडांनी ओढणाऱ्या गड्यांना त्यांनी आयुष्यभर गोठ्यातून हाकललं होतं. गाय कळ देईल तेव्हाच वासरू ओढायचं. ती थांबली की आपणही थांबायचं. त्यांनी श्वास घेतला, टाच खाली रेटली आणि त्याच क्षणी मुठी वर ओढल्या. थांबल्या. पुन्हा रेटली, पुन्हा ओढल्या. टाच मोज्याच्या टाचेत जाऊन बसली.

"गाय मीच आणि ओढणारीही मीच!" त्या म्हणाल्या. घामाने न्हाल्या होत्या.

बेरेंड अकराव्या दिवशी गेला. पहाटे पावणेसहाला हार्मचा फोन आला. "मावशी, बाबा गेले. तुम्ही उठू नका, मी कुणाला तरी…"

"कुणाला तरी नाही," द्रीकाबाई म्हणाल्या. "मी निघते."

डावा मोजा एका दमात चढला. उजवा तीनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मोज्यापायी की बेरेंडपायी, हे बघायला वेळ नव्हता. चौथ्यांदा बसला. काळा कोट घालून सात वाजता त्या सायकलवर होत्या.

पाचवं घर शहरातून नव्याने आलेल्या जोडप्याचं. दार उघडणारा तरुण अजून रात्रीच्या कपड्यात होता.

"आज पहाटे बेरेंड वारला," द्रीकाबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "शुक्रवारी दहा वाजता उचलायचंय. तुम्ही डाव्या बाजूला, मागून दुसरे."

"मी?" तो गांगरला. "बाई, मी तर त्यांना नीट ओळखतही नव्हतो."

"खांदा देताना ओळख होईल. काळे बूट आहेत?"

"आहेत… तपकिरी."

"काळे घ्या."

"तुम्ही आत तरी या. कॉफी टाकतो. या वयात, या पायांनी…"

"पाय ठीक आहेत," द्रीकाबाई म्हणाल्या आणि सायकल वळवली. "अजून सात घरं आहेत, आणि आठला माणसं कामावर जातात."